भाईदास आबांच्या घरातल्या तीन अळ्या

वाघझरीच्या शिक्षक कॉलनीत मंगळवारी सकाळी पावणेअकराला भाईदास आबांच्या घरात डासांच्या तीन अळ्या सापडल्या, तेव्हा हे दृश्य पाहायला एकोणीस माणसं हजर होती. त्यांतल्या सतरा जणांना आबांनी स्वतः घरोघर जाऊन बोलावून आणलं होतं. उरलेल्या दोघींपैकी एक आबांची बायको लताबाई. दुसरी नगरपंचायतीच्या आरोग्य विभागातली पुनम, जिच्या हातातल्या पांढऱ्या वाडग्यात त्या तिघी वळवळत होत्या.

आबा चोपड्याच्या बसस्टँडवरून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. एकतीस वर्षं माईकवर गाड्या पुकारल्यामुळे घरात मीठ मागतानासुद्धा ते सगळ्या फलाटांना ऐकू जाईल असं मागत. त्या वर्षी भाद्रपदात डासांचा जोर वाढला आणि प्रत्येक कॉलनीत एक डासमुक्ती समिती नेमायचं ठरलं. शिक्षक कॉलनीच्या बैठकीला एकटे आबाच आले, म्हणून ते एकमतानं अध्यक्ष झाले. बिनविरोध निवडून येण्याचा आनंद त्यांनी याआधी कधी घेतला नव्हता. तो त्यांना जरा जास्तच मानवला.

मंगळवारी पुनम तपासणीला आली, तर आबा इस्त्रीचा सदरा घालून कोपऱ्यावर तयारच होते. पुढच्या चार घरांत ते तिच्या आधी शिरले. शेजारच्या वनाभाऊंना त्यांनी चिमण्यांसाठी ठेवलेल्या मातीच्या परळातल्या पाण्यावरून दहा मिनिटं सुनावलं. वनाभाऊ चाळीस वर्षं केळी पिकवून आता मुलाकडे कॉलनीत राहायला आलेले. त्यांना कोणी पाण्याबद्दल काही शिकवणं म्हणजे मोठा प्रसंग होता. पण अध्यक्ष म्हटल्यावर ते गप्प बसले.

"आता आदर्श घर कसं असतं ते बघा," आबा गर्दीला म्हणाले, आणि सगळ्यांना चपला काढून आत घेतलं.

ड्रम झाकलेला होता. माठाला फडकं होतं. कूलर कोरडा होता. आबा प्रत्येक गोष्टीवर बोट ठेवत पुढं चालले होते. तेवढ्यात पुनम फ्रिजच्या मागं वाकली, टॉर्च मारला आणि खालून एक काळी ट्रे ओढून काढली. फ्रिजला मागं ट्रे असते आणि तिच्यात पाणी साठतं, ही माहिती फ्रिज घेतल्यापासून बारा वर्षांत आबांना पहिल्यांदाच मिळत होती. पुनमनं ते पाणी वाडग्यात ओतलं आणि उजेडात धरलं.

वनाभाऊंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाडग्यात बराच वेळ पाहिलं आणि अगदी निरागसपणे विचारलं, "हाऊ डासना पोऱ्या शे का, ताई?"

"हो बाबा. आठ-दहा दिवसांत उडाला असता."

"अरे अरे. अध्यक्षना घर जलमले उना बिचारा."

पुनमनं खिशातून खडू काढला आणि दाराच्या बाजूला भिंतीवर तारीख घालून लिहिलं: पॉझिटिव्ह.

"पुनमताई," आबांनी आवाज आयुष्यात प्रथमच खाली आणला होता, "अक्षर जरा बारीक काढता नाही का येणार?"

"वरिष्ठांना रस्त्यावरून वाचता यायला पाहिजे आबा," ती म्हणाली. पोरगी मनानं वाईट नव्हती. जाता जाता तिनं लताबाईंना नीट समजावलंही, की नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडं घासून, वाळवून मगच भरायचं. पण आबांच्या कानात तेव्हा सतरा माणसांच्या चपला घालण्याचा आवाज घुमत होता.

खडूनं लिहिलेला शब्द एवढा लांब जातो, हे आबांना ठाऊक नव्हतं. अळ्या, ट्रे वगैरे तपशील वाटेतच गळून पडला आणि दुपारी दोनपर्यंत 'भाईदास आबा पॉझिटिव्ह' एवढंच शिल्लक राहिलं. मग फोन सुरू झाले. धुळ्याहून व्याही बोलले, त्यांनी रक्तगट विचारून ठेवला. अडीचला मुक्ताईनगरहून मोठी बहीण, यशोदा अक्का, रडतच बोलायला लागली.

"भाऊ, तुले काय व्हयनं रे? पॉझिटिव्ह म्हने!"

"माले काहीच नही व्हयनं, अक्का. अळ्या सापडन्यात."

"अळ्या? कोठे? पोटम्हा?"

"फ्रिजम्हा!"

"फ्रिजम्हानं काय खादं व्हतं तू?"

आबांनी फोन लताबाईंकडे दिला आणि ते अंगणात जाऊन बसले. तिथं बसल्या बसल्या त्यांनी निश्चय केला. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी होती. त्या दिवशी या घरात अळी तर सोडाच, अळीची आठवणसुद्धा सापडता कामा नये.

एखाद्यानं असा निश्चय केला की कॉलनीला तो वासानं कळतो. संध्याकाळपर्यंत सल्ले यायला लागले. कोणी कडुलिंबाचा धूर सांगितला, कोणी कापूर. समोरच्या वाणीकाकूंनी लिंबात लवंगा टोचून प्रत्येक खोलीत ठेवायला सांगितलं. आबांनी तेही केलं. त्यामुळे घरात शिरल्यावर माणसाला पूजा आहे की उलटी होतेय, हेच कळेनासं झालं. वनाभाऊंचा सल्ला सगळ्यात सरळ होता.

"भाईदासभो, मी सांगस ते आयक. मोटरनं जळेल ऑइल टाक ड्रमम्हा. बठ्ठ्या अळ्या मरी जातीन."

"मंग आम्ही काय पेवानं? ऑइल?" लताबाई आतून म्हणाल्या.

आबांचा स्वतःचा भर मात्र शास्त्रावर होता. नगरपंचायतीच्या पत्रकात गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात असं छापलेलं होतं, आणि ते मासे आरोग्य कार्यालयाच्या हौदात मोफत मिळत. बुधवारी सकाळी आबा पितळी किटली घेऊन कार्यालयात हजर झाले. हौद दारातच होता. त्यात हजारो मासे पोहत होते. किटली बुडवली असती तर दोन मिनिटांत काम झालं असतं. पण हौदाच्या शेजारी टेबल होतं आणि टेबलामागं तिथले कारकून निंबा बाबू बसलेले होते.

"मासे कशासाठी?" निंबा बाबूंनी विचारलं.

"डासांच्या अळ्या खाण्यासाठी."

"तुम्ही?"

"मासे!"

"तसं अर्जात लिहा." त्यांनी फॉर्म पुढं सरकवला. त्यात पाणीसाठ्याची लांबी, रुंदी आणि खोली मीटरमध्ये विचारली होती. आबा म्हणाले, ड्रम आहे, गोल आहे. निंबा बाबूंनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. फॉर्ममध्ये गोल नव्हतं. शेवटी दोघांनी मिळून ड्रम चौकोनी धरला. खाली एक हमीपत्र होतं: सदर मासे मी खाण्यासाठी वापरणार नाही.

आबा उसळले. "अहो, मी माळकरी माणूस आहे! गळ्यात बघा!"

"मग लिहून द्यायला काय हरकत आहे?"

आबांनी सही केली. निंबा बाबूंनी जाळीनं नऊ मासे मोजून किटलीत टाकले आणि रजिस्टरात 'नऊ मासे जिवंत मिळाले' या ओळीपुढं पुन्हा सही घेतली. त्यांतला एक जरा सुस्त होता. तो जिवंत आहे यावर दोघांचं एकमत व्हायला थोडा वेळ लागला.

मासे त्याच दिवशी ड्रममध्ये सोडायला हवे होते. पण ड्रम लताबाईंनी घासून उन्हात पालथा घातला होता आणि नळ यायचा होता दुसऱ्या दिवशी. म्हणून किटलीवर फडकं बांधून आबांनी ती ओट्यावर सावलीत ठेवली. गुरुवारी सकाळी नळाला पाणी आलं. आबा ड्रम भरण्यात गुंतले. लताबाई अंघोळीला गेल्या. सून मोहिनी शाळेत शिकवायला निघायच्या घाईत. अशा वेळी दूधवाला आला. त्यानं हाक मारली, कोणी ओ दिली नाही. ओट्यावर किटली होती. वर फडकंही बांधलेलं होतं. माणूस नेटका, त्यानं फडकं सोडलं, दीड लिटर दूध ओतलं, फडकं पुन्हा होतं तसं बांधलं आणि सायकल हाणत निघून गेला.

पुढची दहा मिनिटं आबांच्या घरात कोणी एकमेकांशी धड बोललं नाही. आबा चहाच्या गाळणीनं मासे काढत होते, लताबाई "मनी गाळणी! मनी गाळणी!" म्हणत त्यांच्यामागं फिरत होत्या, आणि नऊ वर्षांची नात मयुरी एकेक मासा धुऊन बादलीत सोडत होती. नऊपैकी पाच वाचले. आबांना दुःख मेलेल्यांचं होतंच, पण उद्या निंबा बाबूंनी रजिस्टर काढलं तर काय सांगायचं, ही काळजी त्याहून मोठी होती.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. कॉलनी तर नेतच होती.

शुक्रवारी दुपारी मयुरी शाळेतून आली ती दप्तर न काढताच पलंगावर आडवी झाली. मोहिनीनं कपाळाला हात लावला आणि तसाच मागं घेतला. ताप एकशे तीन. डोकं दुखतंय, डोळ्यांच्या मागं दुखतंय, असं पोर म्हणाली. आबांचा मुलगा, म्हणजे मयुरीचा बाप पियुष, नाशिकला नोकरीला. त्याला फोन केला तर तो म्हणाला, उद्या रात्री सुटी मिळाली की निघतोच. गावातल्या डॉक्टरांनी तपासलं, साधं औषध आणि भरपूर पाणी सांगितलं. शनिवारी सकाळी रक्त घेतलं. डेंग्यूची तपासणी जळगावला होणार होती आणि मध्ये रविवार असल्यामुळे रिपोर्ट सोमवारी येणार होता.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "हल्ली तापाची साथच आहे. पण डास चावू देऊ नका."

आबा घाबरले नाहीत असं म्हणणं खरं होणार नाही. ते घरी आले आणि फ्रिजसमोर स्टूल टाकून बसले. ट्रेमध्ये तीन अळ्या सापडल्या होत्या. त्यांच्याआधी किती उडून गेल्या असतील? बारा वर्षांत? आदर्श घर बघा म्हणून आपण गावभर हिंडत होतो आणि नातीच्या उशापासून सहा पावलांवर आपणच डास पाळत होतो. लताबाईंनी चहा आणून ठेवला. तो तसाच निवला.

कॉलनी आता हसत नव्हती. तिनं पुन्हा सल्ले द्यायला घेतले होते, पण हलक्या आवाजात. प्रत्येकाला पपईच्या पानांचा रस ठाऊक होता. कॉलनीत पपईचं झाड एकच, वनाभाऊंचं. सकाळी हिरवंगार असलेलं ते झाड दुपारपर्यंत छत्रीचा दांडा राहिल्यासारखं उभं होतं आणि आबांच्या ओट्यावर पानांचा ढीग पडला होता. मोहिनीनं डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, नुसतं पाणी, सरबत, पेज द्या. आणलेली पानं परत झाडाला लावता येत नव्हती. वनाभाऊंनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. ते दिवसातून चार वेळा येऊन दारातच उभे राहत आणि "पोरगी कशी शे?" एवढंच विचारून जात.

शनिवारी दुपारी पुनम आली. तापाचा रुग्ण निघाला की आजूबाजूची घरं पुन्हा तपासावी लागतात. ती आबांच्या घरात आली तेव्हा आबा उठलेही नाहीत. तिनं ट्रे पाहिली, ड्रम पाहिला, माठ, कूलर, कुंड्या, टाकीचं झाकण, सगळं पाहिलं. कुठंच काही नव्हतं. मग मयुरीच्या खोलीत गेली. पडद्यावर हात मारला तर पांढऱ्या पट्ट्यांचे सात-आठ डास उठले.

"आबा," ती बाहेर येऊन म्हणाली, "तुमचं घर स्वच्छ आहे. हे एवढे डास एका ट्रेतले नाहीत. जवळच कुठंतरी मोठं पाणी साठलंय."

ती अंगणात उभी राहून इकडं तिकडं पाहू लागली. एका बाजूला वनाभाऊंचं घर, ते मंगळवारीच तपासून झालेलं. दुसऱ्या बाजूला जीवराम सरांचं घर. त्याच्या भिंतीवर पुनमच्याच हस्ताक्षरात चार तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढं एकच शब्द: बंद.

जीवराम सर दोन वर्षांपूर्वी बदली होऊन शिरपूरला गेले होते. घराला तेव्हापासून कुलूप. त्यांचं आणि आबांचं बोलणं त्याही आधीपासून बंद होतं.

"कुलूप फोडू," आबा उठले.

"फोडता येत नाही." पुनमनं निंबा बाबूंना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. निंबा बाबूंनी पद्धत सांगितली: मालकाला नोटीस, सात दिवसांची मुदत, उत्तर नाही आलं तर दुसरी नोटीस, पुन्हा सात दिवस, मग दोन पंच, पंचनामा आणि मग कुलूप.

"चौदा दिवस?" आबा ओरडले. पलीकडून निंबा बाबूंचा आवाज बदलला. "आबा, घरात जायला चौदा दिवस. शेजारच्या गच्चीवरून नुसतं डोकावून बघायला कोणाची परवानगी लागत नाही. मी काही बोललो नाही."

वनाभाऊंनी शिडी आणली. आबा, पुनम आणि वनाभाऊ आबांच्या गच्चीवर गेले, कठड्याला शिडी लावली आणि तिघांनी पाळीपाळीनं वर चढून पलीकडं पाहिलं. जीवराम सरांच्या गच्चीवर घोट्याच्या वर पाणी साठलेलं होतं. पावसाळाभराचं. हिरवं, पानांनी भरलेलं. आणि उन्हात त्याचा पृष्ठभाग सारखा थरथरत होता. शिवाय कोपऱ्यातल्या टाकीला झाकण नव्हतं.

"बाप रे," पुनम म्हणाली. "लाखांनी असतील. पण एवढं पाणी साठलं कसं? या गच्चीला पाणी जायला पाईपच नाही का?"

"व्हता ना," वनाभाऊ म्हणाले. "भाईदासभोना अंगणम्हा पडे त्यानं पानी. त्यावरथीन ते भांडण."

दोघं आबांकडे पाहू लागले. आबा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होते. वर जाण्यात अर्थ नव्हता आणि खाली यायचं धाडस होईना.

"पाईप मी बुजवला," ते म्हणाले.

मग आबांना पुढचंही सांगावं लागलं. सर शिरपूरला गेल्यानंतरच्या पहिल्याच पावसात अंगणात धो धो पाणी पडलं. आता याला विचारणारं कोणी नाही म्हणून त्यांनी स्टुलावर चढून पाईपच्या तोंडात गोणपाट कोंबलं आणि वरून सिमेंट थापलं. अंगण कोरडं झालं. ते इतकं छान कोरडं झालं की पुढं ते हे सगळं विसरूनही गेले. ते पाणी कुठंतरी जात असेल, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता.

पुनमच्या हातात खडू होता. तिनं तो परत खिशात ठेवला. "तो पाईप तुमच्या अंगणातून फोडता येईल ना?" तिनं विचारलं. "मग चौदा दिवस कशाला? सिमेंट तर तुमचंच आहे. पाणी खाली मातीवर पसरू द्या. कोरड्यात अळ्या तासाभरात मरतात."

हे काम गवंड्याचं होतं, आणि गवंडी बोलवायला वनाभाऊ निघालेही होते. पण आबांनी छन्नी-हातोडा स्वतःच्या हातात घेतला. एव्हाना अंगणाच्या फाटकाशी मंगळवारची बरीचशी माणसं जमली होती. यावेळी त्यांना कोणी बोलावलेलं नव्हतं. आबा स्टुलावर चढले. सिमेंट त्यांनी त्या वेळी मन लावून थापलं असावं, कारण वीस मिनिटं ठोकूनही फक्त टवके उडाले. लताबाई म्हणाल्या, "अहो, बाजूला सरकून ठोका." आबा म्हणाले, "मला शिकवू नका," आणि पुढचा घाव बसला.

गोणपाट बुचासारखं उडालं. त्यामागून पावसाळाभराचं पाणी आबांच्या छातीवर आदळलं. स्टूल एकीकडं, आबा दुसरीकडं. सडकी पानं, शेवाळ, बॅडमिंटनची दोन फुलं, एका पायातली रबरी चप्पल आणि सगळ्यात शेवटी एक मोठा बेडूक असं सगळं एकामागून एक त्यांच्या अंगावर आलं. बेडूक आबांच्या पोटावर क्षणभर टेकला, त्यानं कॉलनीकडं पाहिलं आणि उडी मारून वाणीकाकूंच्या दिशेनं गेला. फाटकाशी पळापळ झाली. आबा मात्र चिखलात बसून वर पाईपकडं पाहत म्हणत होते, "येऊ द्या. सगळं येऊ द्या." पुनम खराट्यानं पाणी मातीत पसरवत होती. खिडकीतून मयुरीचा क्षीण आवाज आला, "आबा, बेडूक होता?" आणि चोवीस तासांत ती पहिल्यांदाच स्वतःहून काही बोलली म्हणून मोहिनी तिथंच रडायला लागली.

गच्ची मोकळी झाली, पण टाकी उरलीच होती. टाकीसाठी किल्ली लागणार होती. किल्ली शिरपूरला होती.

आबांनी कपडे बदलले, फोन हातात घेतला आणि खुर्चीत ताठ बसले. त्यांनी मनात तीन वाक्यं तयार केली होती. तिन्ही अत्यंत मुद्देसूद आणि कुठंही कमीपणा न येणारी. पलीकडून "हॅलो" ऐकू आलं आणि त्यांतलं एकही आठवेना.

"जीवराम सर, मी भाईदास. वाघझरीहून."

"बोला," पलीकडचा आवाज कोरडा होता.

"सर, मयुरीला ताप आलाय."

"किती आहे?"

"एकशे तीन. डेंग्यूची तपासणी पाठवलीय. तुमच्या गच्चीवर... टाकी उघडी आहे. किल्ली लागणार होती."

"उद्या सकाळी घेऊन येतो."

"आणि सर, तो पाईप होता ना, तो मीच..."

"माहीत आहे मला."

"कसं काय?"

"सिमेंट ओलं असताना तुम्ही त्याच्यावर काडीनं तारीख घातली होती, आबा. मागच्या दिवाळीला घर बघायला आलो तेव्हा वाचली."

"मग तेव्हाच मला बोलला का नाहीत?"

"आपलं बोलणं बंद होतं ना," जीवराम सर म्हणाले. मग त्यांचा आवाज उतरला. "मीसुद्धा म्हटलं, साचू दे पाणी. स्लॅब माझी गळेल तर गळू दे, पण मी सांगणार नाही. एवढ्या दूर डोकं चाललं नाही माझं. पोरीला पाणी पाजत राहा."

रविवारी सकाळी सर पहिल्या गाडीनं आले. हातात किल्ल्यांचा जुडगा आणि एक पिशवी; पिशवीत पपईची पानं. लताबाईंनी ती गंभीर चेहऱ्यानं घेतली आणि आतल्या ढिगावर ठेवली. दोन वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेली ती दोन माणसं मग पायजमे गुडघ्यापर्यंत दुमडून टाकी घासायला बसली. नाशिकहून रात्रभर प्रवास करून आलेला पियुष वर गेला तेव्हा त्याला दिसलं, की टाकीच्या आत जीवराम सर, बाहेर आबा, आणि ब्रश उभा मारावा की आडवा यावर दोघांचा कडाक्याचा वाद चाललाय. तो गुपचूप खाली आला आणि मोहिनीला म्हणाला, "बोलायला लागले." टाकीला झाकण बसलं. घराची दारं-खिडक्या उघडल्या. पुनम सुट्टी असूनही येऊन गेली आणि बंदच्या चार तारखांखाली पाचवी घालून पुढं 'तपासले' असं लिहून गेली.

मयुरीचा ताप रविवारी उतरला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला. आबा दर तासाला थर्मामीटर झटकत होते. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की हा थर्मामीटर झटकायचा नसतो, बटणाचा आहे.

सोमवारी साडेबाराला दवाखान्यातून फोन आला. पियुष रिपोर्ट आणायला गेला. त्याला जाऊन-येऊन वीस मिनिटं लागायला हवी होती. तो पंचविसाव्या मिनिटाला आला, तेव्हा आबा फाटकाच्या बाहेर रस्त्यावर उभे होते, जीवराम सर फाटकात होते आणि वनाभाऊ भिंतीवरून अर्धे अलीकडं आले होते. पियुषनं गाडी बंद करायच्या आधीच सांगितलं.

"डेंग्यू नाही. व्हायरल आहे. प्लेटलेट पण चांगल्या आहेत. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत पळायला लागेल."

वनाभाऊ भिंतीवरून पुरते अलीकडं उतरले. लताबाई देवापुढं जाऊन उभ्या राहिल्या. दिवा लावायचं राहूनच गेलं. आबांनी रिपोर्ट हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला, पुन्हा उलटा धरला. मग ते ओट्यावर बसले. जीवराम सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

दुपारी सरांनी प्लंबर बोलावला. गच्चीचा पाईप वळवून पाणी पुढच्या गटारीत सोडायचं, म्हणजे आबांच्या अंगणात थेंब पडायला नको, असं त्यांचं म्हणणं. प्लंबरनं मापं घेतली. आबा त्याला म्हणाले, "राहू दे रे. जिथं होतं तिथंच पडू दे."

"अहो आबा, अंगणात चिखल होईल तुमच्या," सर म्हणाले.

"होऊ द्या. माझ्या डोळ्यांसमोर तरी पडेल. तुम्ही राहता शिरपूरला, तुमच्या गच्चीकडं बघणार कोण? पाणी आलं की मला कळेल, नाही आलं की वर चढून बघेन. एक किल्ली मात्र माझ्याकडं ठेवून जा."

सरांनी जुडग्यातली एक किल्ली सोडवून आबांच्या हातावर ठेवली. तेवढ्यात आतून मयुरी चादर गुंडाळून, भिंतीला धरत धरत ओट्यावर आली. तीन दिवसांत तिनं पेजेशिवाय काही घेतलं नव्हतं.

"आजी," ती म्हणाली, "भूक लागली. वरण-बट्टी कर ना. तूप जास्त घाल."

लताबाई "करस बेटा, आत्तेच करस" म्हणत आत धावल्या. प्लंबर, सर आणि वनाभाऊ, तिघांनाही जेवूनच जायचं असं फर्मान आतून सुटलं. आबा मात्र सगळ्यांकडं पाठ करून भिंतीजवळ गेले आणि पाईपच्या रिकाम्या तोंडाकडं बराच वेळ टक लावून पाहत राहिले. तिथं पाहण्यासारखं काहीही नव्हतं. सरांच्या ते लक्षात आलं, आणि त्यांनी प्लंबरला उगाचच पलीकडच्या कोपऱ्यात नेऊन काहीतरी दाखवायला सुरुवात केली.